पाणी देऊ नको

माझा थोरला आठ महिन्यांचा असताना त्याला जुलाब लागले. आम्ही कोकणातून चिखलीला नवीनच आलो होतो. नवरा पिंपरीच्या कारखान्यात लागला होता आणि राहायला एका शेतकऱ्याच्या घरातली मागची खोली. घरमालकिणीला मी आत्या म्हणायची. बाई मायेची, पण बोलणं हुकमाचं. तिची स्वतःची दोन लेकरं याच दुखण्यात गेली होती. तिच्यापुढे माझं काय चालणार?

"पानी अजाबात देऊ नगं," तिनं बजावलं. "वरनं वतशील तसं खालनं जाईल."

अंगावर पाजायचंही तिनं बंद करायला लावलं. दुपारपर्यंत पोराचे डोळे खोल गेले. रडायचा, पण डोळ्यांत टिपूस नाही. टाळू आत गेली, तेव्हा ती भरून येईल म्हणून आत्यानं वर तेल थापलं. तेल त्या खळग्यात तसंच साचून राहिलं. डॉक्टर चिंचवडला, नवरा पाळीवर, घरचे बैल पेरणीला. मला नवसही सुचेना. नुसता राग येत होता, सगळ्यांचा.

अंग पुसायला म्हणून मी फडकं भिजवलं. तोंडावरून फिरवलं, तर त्यानं ते ओठांत धरलं आणि चोखायला लागला. सोडेचना. पोर तहानेनं चाललंय आणि आपण बघत बसलोय!

मी चूल पेटवली. आमच्याकडे आजाऱ्याला पेज देतात, तीच मीठ घालून अगदी पातळ केली. आत्या दारात आडवी आली, लेकराला मारशील म्हणाली. मी तिला चक्क बाजूला सारलं आणि आतून कडी घातली. चमच्याचमच्यानं पाजत राहिले. ओकला की थोडं थांबायचं, पुन्हा चमचा. मधूनमधून अंगावर घेत होते. जुलाब काही थांबले नव्हते. आत्याचं खरं ठरलं तर, एवढंच डोक्यात.

दिवेलागणीला माझी मांडी गरम झाली. सकाळपासून पोर मुतलं नव्हतं. ओल्या लुगड्यानिशी, रडत हसत, मी कडी काढली.

आत्या उंबऱ्यापाशीच बसून होती. तिनं माझं लुगडं पाहिलं, पोराच्या तोंडाशी लागलेली पेज पाहिली.

"माज्या दोगांना बी पानीच पायजे हुतं का गं?"

मी पोर उचलून तिच्या मांडीवर ठेवलं.