खाडीवरच्या कोळणीचा उजवा हात

ठाण्याच्या खाडीवर, धक्क्याच्या टोकाला, मी एक कोळीण उभी केली होती. सिमेंटची, पुरुषभर उंच, डोक्यावर मासळीची पाटी आणि ती सावरायला वर गेलेला उजवा हात. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती आणि त्याची आठवण म्हणून गावातल्या मंडळींना खाडीकाठी काहीतरी उभारायचं होतं. त्यांना एखादा पुढारी हवा होता. मी तेव्हा नौपाड्यातल्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचो, मुंबईला शिल्पकला शिकून आलो होतो आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो. खाडीवर खाडीचंच माणूस हवं, असं तावातावाने सांगून मी सगळ्यांना गप्प केलं.

चेहऱ्यावर मी नाकडोळे कोरले नव्हते, नुसते उतार ठेवले होते. मंडळींच्या चिटणिसांनी विचारलं, "हिचं नाक करायचं राहिलंय का?" मी त्यांच्याशी आठवडाभर बोललो नाही. स्वभाव असाच होता. आता फार सुधारलाय असंही नाही.

नमुना म्हणून उभी राहिली ती धक्क्याजवळच्या कोळीवाड्यातली एक बाई, कोपरीच्या बाजारात मासळी विकणारी. ऊन उतरलं की रिकामी पाटी घेऊन माझ्या शेडमध्ये यायची, न हलता उभी राहायची आणि सारखं विचारायची, "झाला का रं, मास्तर?" तिच्या डाव्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. उजवा हात मोकळा. कामात अडचण होते म्हणून काढल्या असतील, असं मी धरून चाललो. विचारलं नाही. आमच्या घरी सवाष्णीचा हात भुंडा ठेवत नसत. आईच्या हातात आजारपणातही एक तरी बांगडी असायचीच. म्हणून तिचं उभं राहणं संपल्यावर, साचा घेण्याआधी, मी पुतळ्याच्या डाव्या हातासारख्याच उजव्या मनगटावरही मातीच्या चार बांगड्या चढवल्या. आपण तिला काहीतरी दिलं, असं वाटून मी खूशही झालो. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. मला समोरचा हातही दिसला नव्हता.

अनावरणाच्या आदल्या दिवशी सकाळी मी पुतळ्यावरचं गोणपाट काढलं. ती बघायला आली. तिचा नवरा होडी घेऊन वसईकडे गेला होता. दोन दिवसांत परतायचा, तर पाचवा दिवस उजाडला होता. कोळीवाड्यात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. तिने पाटीकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिची नजर मनगटाशी थांबली.

"उजवे हातान बांगऱ्या कोनी घातल्या?"

"मी."

"लग्नान दर्याला दिल्या त्या. म्हनून तो आमचा मानूस राखतो. तू त्या परत घेतल्यास?"

लग्नात नवरीच्या उजव्या हातातला चुडा समुद्राला द्यायचा आणि त्या बदल्यात समुद्राने तिचा नवरा सांभाळायचा, ही त्यांची रीत. जन्मभर ठाण्यात राहून मला ती माहीत नव्हती. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी घाई करतो. पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली आणि म्हणालो, "चार घाव घालतो, संपलं."

तिने माझं मनगट धरलं. "फोरतंस? तो पान्यावर हाय, नि तू बांगऱ्या फोरतंस?"

बांगड्या कधी फोडतात ते आमच्याकडेही ठाऊक होतं. आता त्या ठेवता येत नव्हत्या आणि फोडताही येत नव्हत्या. तिने माझं मनगट सोडलं. मग म्हणाली, "हात काढ. आख्खा."

मी तो कोपरापासून करवतीने कापला. आतली सळई कापण्यात दुपार गेली. मला रडू आलं. ते तिच्यासाठी होतं की माझ्या पुतळ्यासाठी, हे आजही सांगता येत नाही. भरती आल्यावर तिने तो हात आपल्या पाटीत ठेवला, पाटी डोक्यावर घेतली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन बांगड्यांसकट खाडीला दिला.

समारंभ पुढे ढकलला गेला. मंडळी माझ्यावर चिडली, ते रास्तच होतं. मी नवा हात केला, मोकळा. तिचा नवरा दोन दिवसांनी फाटक्या शिडासकट परत आला. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण होडी दिसली असं कळल्यावर मी वर्ग सोडून धक्क्यावर धावलो होतो.

सात-आठ वर्षांनी तो तापाने गेला, घरात, अंथरुणावर. मला पुतळ्याच्या डाव्या हाताची आठवण झाली. बाजाराला जाता-येता तिला तो भरला हात रोज दिसणार. या वेळी तरी आपण चुकायचं नाही, असं ठरवून मी पंधरा दिवसांनी तिच्या घरी गेलो. पिशवीत छिन्नी होती.

ती दारात बसली होती, दोन्ही हात मोकळे. तिची इच्छा असेल तर पुतळ्याच्या डाव्या हातातल्या बांगड्या काढतो, असं मी अडखळत सांगितलं. तिने माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"तिला हात लावू नको, मास्तर," ती म्हणाली. "माज्या गेल्या. बाकीच्यांच्या होऱ्या अजून पान्यावर हायत."