हिस्टरीत नसलेली ओळ

आधीच सांगतो — भानामती, करणी असल्या थोतांडाविरुद्ध मी गावोगाव पत्रकं वाटलीत. त्यामुळे हसायचं तर खुशाल हसा. पण उत्तर असेल तर द्या!

बीडला आमची ऊसतोड कामगारांची छोटी संघटना आहे. पत्रकाच्या मजकुरात सगळेच हात घालायचे, म्हणून इम्रानने एक व्हर्जन कंट्रोल टूल बसवून दिलं. त्याचं स्टँडमागे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कोणी कोणती ओळ घातली, कोणी खोडली... सगळं हिस्टरीत राहतं. आणि आमचा जुना नियम — ज्यांचं पत्रक, त्यांना वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही.

टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी नेकनूरजवळच्या वस्तीवर बैठक घेतली. इम्रानही सोबत होता. रुक्मिणमावशी सासऱ्यासमोर उभी राहिली. "लिही. पाळीच्या दिसात बाई फडात आली न्हाई, तर खाड्याचा दंड लावायचा न्हाई." बाप्ये खाली बघायला लागले. मी तिथंच टाईप केलं, सेव्ह केलं, हिस्टरीत नोंद टाकली — 'मावशींची मागणी घातली'. मग स्क्रीनवरून सगळं मोठ्याने वाचलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. तीच फाईल प्रेसला दिली.

सकाळी ट्रकपाशी पत्रकं वाटली. मावशीच्या सुनेने तिला वाचून दाखवलं. ती मागणी नव्हतीच!

"लाज वाटली व्हय रं तुला?" मावशी म्हणाली. "मला न्हाई वाटली, सासऱ्याम्होरं." ट्रक गेला.

मी तडक दुकानात. इम्रान म्हणाला, "सेव्हच केलं नसशील, बे."

"मग वाचलं कुठून? तू शेजारीच बसलावतास ना!"

त्याने हिस्टरी उघडली. माझी नोंद होती, माझ्याच शब्दांत. पण आत बदल शून्य! ओळ घातल्याची खूण नाही, खोडल्याची नाही. इम्रानने ती नोंद दोनदा बंद करून पुन्हा उघडली. "बदल नसला तर हे टूल नोंद घेतच नाही, यार..."

टूलवाल्यांना बग रिपोर्ट पाठवला. उत्तर आलं — आमच्याकडे असं होत नाही, पुन्हा घडवून दाखवा. घडवून दाखवा म्हणे! शंभरदा करून पाहिलं. दर वेळी ओळ जागच्या जागी. फक्त त्या दिवशीची तेवढी नाही. का, ते मला आजही माहीत नाही.

गेल्या आठवड्यात फडावर फोन लावला. सुनेने उचलला. मी बोलायच्या आतच मागून मावशीचा आवाज आला...

"त्याला सांग, माझा खाडा लागला."