किती तेल घालू?

गणवेश शिवायच्या कारखान्यात मावशीचा हात कुणी धरू शकत नसे. कॉलर कशी बसवायची, बाही किती आत घ्यायची, हे तिला डोळे मिटूनही जमे. तेलाच्या चमच्यापुढे मात्र तिची अक्कल चालेना.

बहीण एचआयव्हीनं गेली तेव्हा भाची चिमणी दोन वर्षांची होती. विषाणू तिच्याही रक्तात होता. मावशीनं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, गोळीची वेळ कधी चुकू दिली नाही. आठव्या वर्षी विषाणू आटोक्यात होता, पण वर्गाच्या बाईंनी बोलावून सांगितलं, की सकाळी शिकवलेलं हिला दुपारी आठवत नाही.

दवाखान्यातल्या नर्सताई म्हणाल्या, पोर वाळलीय, वाढत्या मेंदूला स्निग्ध पदार्थ लागतात. अंडी, मासे, तेल द्या. मावशीनं ते फारच मनावर घेतलं. भाजीवर तेलाचा तवंग, अंडं तळलेलं, पावावर लोण्याचा थर. चिमणी मुकाट्यानं गिळायची.

तीन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. रक्तातली चरबी वाढली होती. काही औषधांनीही वाढते, म्हणाले, पण तेलकट कमी करा. मावशीनं तेलाची बाटली थेट वरच्या फळीवर ठेवली. सगळं उकडलेलं. महिन्याभरात वजन घटलं, आणि बाईंचं पुन्हा बोलावणं आलं.

मग अर्धा दिवस रजा टाकून तिनं नर्सताई आणि डॉक्टर, दोघांना एकाच खोलीत गाठलं.

"एक म्हणतं घाल, एक म्हणतं काढ. मी नक्की करू काय?"

डॉक्टर जरा ओशाळले. आम्ही आधी आपसात बोलायला हवं होतं, म्हणाले. मासे, शेंगदाणे, अंडं द्या, तळण नको. एक गोळीही बदलून बघू.

"त्यानं तिला पाढे आठवतील?"

"ते छातीठोकपणे नाही सांगता येत, ताई. आजार, औषध, खाणं, आई नसणं, कशाचा किती वाटा, हे आम्हालाही वेगळं काढता येत नाही."

बाहेर आल्यावर चिमणीनं विचारलं, "मावशी, माझ्या डोक्यात तेल कमी आहे की जास्त?"

मावशीला हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले. "मलाही नाही कळलं गं."

पुढच्या तपासणीत चरबी थोडी उतरली, वजन थोडं चढलं. पाढ्यांचं मात्र तळ्यात-मळ्यात. एखाद्या दिवशी चिमणी सातचा पाढा धडाधड म्हणते, दुसऱ्या दिवशी सात दुणेलाच अडते. जमतं ते माशांमुळे, नव्या गोळीमुळे, की संध्याकाळी मावशी शेजारी बसते म्हणून, हे काही मावशीला उमगत नाही. त्यामुळे ती तिन्हींपैकी एकही सोडत नाही.