एक्केचाळीसाव्या पानावरची ओळ

"पेन आहे का कुणाकडे?"

शेवटची तीन वर्षं सर कुठल्याही कार्यक्रमाला गेले की व्यासपीठावर चढायच्या आधी हे विचारायचे. चार पुस्तकं लिहिलेला माणूस आणि खिशात पेन नाही, म्हणून लोक हसायचे. कुणीतरी लगबगीने पेन द्यायचं. मग सर म्हणायचे, "आता तुमच्या वाचनालयातलं माझं पहिलं पुस्तक आणा." पुस्तक आलं की एक्केचाळीसावं पान उघडून उभ्या उभ्या काहीतरी लिहायचे आणि मिटून परत द्यायचे. लोकांना वाटायचं, सही केली. सही पहिल्या पानावर करतात हे तुम्हाआम्हाला माहीत असतं, पण लेखक माणसाला कोण विचारणार?

त्या पानाचं काय झालं ते मी पाहिलं आहे. म्हणून लिहायला बसले. मला अशा लिहिण्याची सवय नाही. कुठे चुकलं तर समजून घ्या.

हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि वाङ्मय मंडळाची सचिव होते. आमच्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. सचिवाने काय करायचं असतं हे घरी विचारण्याची सोय नव्हती. हार आणायचे, पाण्याचे ग्लास झाकून ठेवायचे आणि शेवटी आभार मानायचे, एवढं मी बघून बघून शिकले होते.

सर आमच्याच गावचे. पुसेगावहून आत कच्च्या रस्त्याने गेलं की आमचं गाव लागतं. ते औरंगाबादला नोकरीला होते. शनिवार-रविवार दोन दिवस येणार म्हटल्यावर सगळ्यांनीच त्यांना बोलावून ठेवलं. प्राचार्य मला म्हणाले, "तू त्यांच्या गावची आहेस. जीपमध्ये सोबत जा, तुझंही घरी जाणं होईल." मराठीच्या मॅडम बरोबर होत्या, म्हणून बाबांनी हो म्हटलं.

पहिला कार्यक्रम शनिवारी सकाळी आमच्या कॉलेजात झाला. भाषण संपवताना सरांनी ते पान वाचलं. घरात शेळ्या राखायला एक जण लागायचं. बहीण शाळेत जात होती, धाकटा भाऊ शाळेच्या वयाचा झाला होता. दोघांपैकी एकालाच जाता येणार होतं. पानाची शेवटची ओळ अशी होती: 'अक्काने हसत हसत आपली पाटी माझ्या हातात दिली आणि ती शेळ्यांमागे निघून गेली.'

मुली डोळे पुसत होत्या. मीही पुसले. टाळ्या थांबेनात, म्हणून मला आभाराला उठता येईना.

जीपमध्ये बसल्यावर सरांनी अंगावरची शाल काढली, नीट चौघडी केली आणि मांडीखाली घेतली. मी फार धीर करून म्हटलं, "सर, ते पान फार आवडलं."

"सगळ्यांना आवडतं," सर म्हणाले. "जिचं आहे तिलाच माहीत नाही."

अक्का गावातच राहायची. तिला वाचता येत नव्हतं. पुस्तक येऊन सहा वर्षं झाली होती, पण सरांनी ते तिला कधी वाचून दाखवलं नव्हतं. आता दुसरी आवृत्ती छापायला जाणार होती. त्याआधी, याच दोन दिवसांत, तिला विचारायचं असं ठरवून ते आले होते.

"आणि त्या नको म्हणाल्या तर?" मॅडमनी विचारलं.

"तर पान काढायचं. मग त्या पुस्तकात काय उरतं, तुम्हीच सांगा."

नरसी येईपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत राहिले.

नरसीत तरुण मंडळींनी दुसरी शाल दिली. पुसेगावच्या वाचनालयात तिसरी. तिथले अध्यक्ष सरांची ओळख करून द्यायला उठले आणि पाऊण तास स्वतःचीच करून देत बसले. सर मन लावून ऐकत होते. मध्येच माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "यांचं आत्मचरित्र यायला पाहिजे." मला हसू आवरेना. त्याच अध्यक्षांनी मग आग्रह करून आम्हाला मुक्कामाला ठेवून घेतलं.

रविवारी सकाळी सर लवकर तयार होऊन बसले. "चला, आता अक्काकडे." तर शाळेचे हेडमास्तर दारात उभे. रविवार असून पोरं कधीची रांगेत बसली आहेत म्हणाले. तिथे चौथी शाल. शाळेतून निघालो तर रस्त्यात लग्नाचा मांडव. जीप ओळखून चार जण आडवे आले. सरांच्या हातात अक्षता आल्या आणि भोंग्यावरून पुकारा झाला, "आपल्या भागाचे थोर साहित्यिक वधूवरांना आशीर्वाद देण्यासाठी खास उपस्थित झाले आहेत." वधू कुणाची, वर कुठला, सरांना काही माहीत नव्हतं. तरी दहा मिनिटं बोलले. पाचवी शाल घेऊन जीपमध्ये बसताना मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचं गाव पुढं पुढं सरकून राहिलंय."

सर हसले नाहीत. घड्याळ बघत होते.

गावात पोचलो तेव्हा चार वाजले होते. पाचला मारुतीच्या पारावर सत्कार होता. त्यानंतर लगेच हिंगोलीला जाऊन त्यांना औरंगाबादची गाडी धरायची होती. म्हणजे हातात एक तास होता.

अक्का ओसरीवर सुपात तूर निवडत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "आला का? साऱ्या मुलखाला भेटून मंग आमच्याकडं."

"कार्यक्रम होते, अक्का."

"व्हय, आयकलं. लग्नातल्या भोंग्याचा आवाज इथपरेंत येऊन राहिला व्हता. कुणाचं लगीन व्हतं?"

"माहीत नाही."

"मंग आशीर्वाद कोणाला देला?"

सरांनी पाचही शाली तिच्यापुढे ठेवल्या. अक्काने बोटांनी कापड चाचपलं. "मागच्यायची वाकळ शिवली म्या. ह्या आल्या, आता दुसरी व्हईल." आत खाटेवर ती वाकळ होती. तिच्यात जागोजाग जरीचे काठ चमकत होते. एवढे सत्कार एकत्र शिवलेले मी पुन्हा कुठे पाहिले नाहीत.

सरांनी पुस्तक काढलं. "अक्का, यात एक पान तुझं आहे. वाचून दाखवतो. नको म्हणालीस तर काढून टाकीन."

अक्काने सूप खाली ठेवलं. "तू नको वाचू. लिवलं तूच, वाचणार बी तूच. गोड करून वाचशील." मग माझ्याकडे वळली. "तू खालच्या आळीच्या विठोबाची ना? तू वाच, पोरी. तुला काय पडलं त्याच्यात."

मी पुस्तक घेतलं. वाचलं. अक्का पुन्हा तूर निवडू लागली होती. शेवटच्या ओळीला तिचा हात थांबला.

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"म्या हासले न्हाई," अक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पाटी म्या कणगीत लपवली व्हती, ज्वारीच्या खाली. तीन दिवस मायला सापडली न्हाई. चौथ्या दिवशी सापडली, तवा तिनं तुला देली. म्या गोठ्यामागं रडत व्हते. तू काहून हासवलं मला?"

सरांचा चेहरा उतरला. "मला कुणी सांगितलं नाही, अक्का."

"तू इचारलं व्हतं का?"

आत चहा उकळल्याचा वास येत होता. मॅडमनी पदराशी चाळा सुरू केला. शेवटी सर म्हणाले, "मग पान काढतो."

आता मात्र अक्का रागावली. "काहून काढतो? एवढ्या मोठ्या पुस्तकात माझं तेवढंच तं हाय. राहू दे ते. हासणं तेवढं काढ."

सरांनी खिसे चाचपले. मग मला म्हणाले, "पेन आहे का?"

माझ्याकडे परीक्षेचं निळं पेन होतं. ते दिलं. ओसरीवरच मांडी घालून त्यांनी ती ओळ खोडली आणि समासात बारीक अक्षरात दुसरं लिहिलं. चहा निवून गेला.

पारावर अख्खं गाव जमलं होतं. सहावी शाल झाली, भाषण झालं. शेवटी सरांनी तेच पान वाचायला घेतलं. शेवट मात्र आता असा होता: 'अक्काने पाटी तीन दिवस ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवली. चौथ्या दिवशी ती आईला सापडली. माझ्या हातात पाटी आली तेव्हा अक्का तिथे नव्हती. ती कुठे आहे, हे मी विचारलं नाही.'

टाळ्या पडल्या नाहीत. संपलं की आणखी आहे, हेच लोकांना कळेना. सर पुस्तक हातात धरून तसेच उभे होते, बायकांच्या बाजूला बघत. तिथून अक्काचा आवाज आला.

"आता बराबर हाय."

सर त्या संध्याकाळी माझं पेन घेऊन गेले. मी मागितलं नाही.

घरी ताई माहेरपणाला आली होती. चुलीपाशी भाकऱ्या करत होती. ताईने सातवीनंतर शाळा सोडली. तिला अभ्यासाची गोडी नव्हती असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, "ताई, तुला खरंच शाळा नको होती का?"

तिने भाकरी उलटली. "आज काहून इचारून राहिली?" एवढंच म्हणाली. पुढची भाकरी थापता थापता बोलली, "गणित आवडायचं मला."

दुसऱ्या आवृत्तीत ओळ बदलून आली. पण पहिल्या आवृत्तीच्या प्रती गावोगावच्या वाचनालयांत गेलेल्या होत्या. सर जिथे जातील तिथे ती प्रत मागवून हाताने दुरुस्त करायचे. पुढच्या वर्षी आमच्या कॉलेजात आले तेव्हा आमचीही केली. मी म्हटलं, "सर, एकेक प्रत कुठवर शोधणार?" तर म्हणाले, "बोलावतात तोवर."

मागच्या हिवाळ्यात सर गेले.

मी आता बी.एड. करते आहे. परवा सरावपाठासाठी कनेरगाव नाक्याच्या एका शाळेत गेले होते. मधल्या सुट्टीत पुस्तकांचं कपाट उघडलं, तर खालच्या कप्प्यात सरांचं पुस्तक दिसलं. पहिली आवृत्ती. एक्केचाळीसावं पान उघडलं. समास कोरा होता, आणि अक्का अजून हसत हसत पाटी देत होती.

पर्समध्ये पाहिलं. खडू होते, पेन नव्हतं. व्हरांड्यात सातवीच्या मुली डबे खात बसल्या होत्या. मी पुस्तक घेऊन त्यांच्यापाशी गेले.

"पेन आहे का कुणाकडे?"