सिग्नी आत्याचं नाक

रोज सकाळी कॉफी ठेवायच्या आधी सिग्नी आत्या खिडकीतल्या कुंडीपाशी जायची, रोझमेरीचं एक पान दोन बोटांत चुरडायची आणि बोटं नाकाशी धरून क्षणभर डोळे मिटायची. बाहेर कधी बर्फ असायचं, कधी क्षितिजापर्यंत पिकलेला गहू. मग बोटं एप्रनला पुसून ती म्हणायची, "चला." घरात ती एकटीच असायची. हे 'चला' कोणाला होतं, ते आम्ही कधी विचारलं नाही.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिचं आयुष्य गेलं. गावातल्या निम्म्या माणसांनी लहानपणी तिच्या हातचं सूप सांडलेलं आहे. पण तिची खरी ओळख ऑक्टोबरातल्या जेवणाची. कापणी उरकली की आमच्या चर्चच्या तळघरात सगळी पंचक्रोशी जेवायला जमते. लांबलचक टेबलं, कुस्करलेले बटाटे, गाजरं, आणि मधोमध आत्याचं बीफ रोस्ट.

नॉर्थ डकोटातल्या आमच्या भागात मसाला म्हणजे मीठ, आणि सणासुदीला मिरपूड. अशा गावात आत्याने एका वर्षी मांसाच्या मोठ्या तुकड्यांना मोहरीची पेस्ट चोळली आणि वरून रोझमेरी, थाइम, पार्सली, लसूण, लोणी आणि पावाचा चुरा यांचा हिरवागार थर थापला. लोकांनी सुरीने तो थर खरवडला आणि ताटाच्या कडेला नीट रचून ठेवला. आर्लो, ज्याच्या कळपातून दरवर्षी मांस यायचं, तो म्हणाला, "सिग्नी, आमच्या गाईंच्या पोटात गवत असतं. पाठीवर नसतं."

"म्हणून तर पाठ बेचव लागते," आत्या म्हणाली.

दोन-तीन वर्षांत कडेचा, जास्त पापुद्र्याचा तुकडा मिळावा म्हणून माणसं रांगेत मागेपुढे सरकायला लागली. आर्लो सगळ्यांत आधी.

या रोस्टची मेख त्या हिरव्या थरात होती. मांस आत किती शिजलं ते काटा खुपसून कळतं. थर मात्र आधी ओला असतो, मग कुरकुरीत होतो आणि लगेच लसूण जळून कडू होतो. तो नेमका कुरकुरीत झाला की वरून फॉइल झाकायची. तळघरातल्या जुन्या ओव्हनच्या दाराला काच नव्हती, आणि दार सारखं उघडलं तर आतली आच पडायची. आत्याला दार उघडावंच लागायचं नाही. ती पार दुसऱ्या टोकाला बटाटे कुस्करत असायची आणि मध्येच मान वर करून म्हणायची, "झाका आता." वासावरून.

आणि मग एका फेब्रुवारीत तापाने तिचं नाक नेलं. ताप गेला, वास परत आला नाही. तिने कोणाला सांगितलं नाही. सकाळचं पान मात्र चुरडत राहिली.

ऑक्टोबरच्या जेवणाआधीच्या रविवारी तिने आम्हाला घरी बोलावलं आणि लहानसं रोस्ट केलं. टेबलावर आलं तेव्हा थर काळा पडला होता. वडिलांनी एक घास खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "वेगळं लागतंय."

आमच्याकडे वाईटाला वाईट म्हणत नाहीत, 'वेगळं' म्हणतात. त्याहून कडक शब्द नाही. आत्याने मान हलवली आणि सगळ्यांना बटाटे वाढले.

भांडी घासताना ती मला म्हणाली, "येत्या शनिवारचं रोस्ट लव्हॉनला करायला सांगते."

"का गं आत्या?"

"वास येत नाही मला. तो टॉवेल दे."

लव्हॉन म्हणजे चर्चच्या स्वयंपाकघरातली दुसरी सत्ता. दोघी एकाच वर्गातल्या, आणि तेव्हापासून एकमेकींच्या चुका मोजणाऱ्या. लव्हॉनच्या मते हिरवा थर म्हणजे नखरे. तिच्या हाती ओव्हन गेला असता तर मांस मीठ लावून राखाडी होईपर्यंत शिजलं असतं आणि पुन्हा कधी हिरवं झालं नसतं. आत्याला हे पक्कं माहीत होतं. आठवडाभर तिने लव्हॉनला फोन केला नाही.

शनिवारी सकाळी मी गाजरं सोलायला तळघरात गेले, तर आत्या बाह्या सरसावून मांसाला मोहरी चोळत होती. नेहमीसारखीच सावकाश, जणू लहान मुलाला तेल लावतेय. लव्हॉन तिचा मांसात खुपसायचा नवा तापमापक घेऊन शेजारी उभी होती.

"यंदा जरा कमी हिरवळ घाल."

"यंदा जरा कमी बोल."

आठ मोठे तुकडे ओव्हनमध्ये गेले. आत्या बटाट्यांकडे गेली नाही. ओव्हनसमोर हात बांधून उभी राहिली. पलीकडे टेबलांभोवती खुर्च्या सरकत होत्या, मोठ्या किटलीत कॉफी उकळत होती. बऱ्याच वेळाने ती दाराकडे बघतच म्हणाली, "लव्हॉन, कसला वास येतोय?"

"मांसाचा. ओव्हनमध्ये काय बूट ठेवलेस?"

"नीट सांग. मला येत नाही. मला मदत कर."

माझ्या हातातली सोलणी थांबली. आमच्याकडे मदत कोणी मागत नाही. समोरचा देऊ करतो, आपण नको म्हणायचं, त्याने पुन्हा विचारायचं, पुन्हा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा 'बरं, तुझं एवढं मन असेल तर' म्हणायचं. आत्याने हे सगळं ओलांडून सरळ मागितलं होतं, तेही लव्हॉनकडे.

लव्हॉनने तापमापक खिशात घातला. "माहीत आहे मला. ईस्टरला तू नासकं क्रीम कॉफीत घालून कप संपवलास."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

आत्या बाजूला सरकली आणि तिला ओव्हनपुढे जागा करून दिली.

"बोल."

लव्हॉनने नाक पुढे केलं. "चांगला येतोय."

"चांगला म्हणजे? शेजारणीच्या केकला म्हणतेस तसला चांगला?"

"लोणी. लोणी आणि... ओला पाला. पावसानंतर कुंपणापाशी येतो तसा."

"मग अजून वेळ आहे."

आम्ही थांबलो. मी एकच गाजर सोलत राहिले.

"आता पेंढा," लव्हॉन म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते. "बाबांच्या कोठारातला. दुपारचं ऊन खाऊन तापलेला."

"आणि लसूण?"

"आहे. पण त्याचा तिखटपणा गेलाय. थांब... भाजलेले बदाम. हो, बदाम. सिग्नी, बदाम!"

"ओरडू नकोस. दार उघड."

थर सोनेरी-हिरवा झाला होता. दोघींनी मिळून फॉइल झाकली, भराभर, एकमेकींच्या हातात हात अडकवत. मागच्या कोपऱ्यातला, आचेच्या बाजूचा एक तुकडा मात्र जळला होता. आत्याने तो वेगळा काढला.

त्या दिवशी जेवण वेळेवर झालं. आर्लो ताट घेऊन थेट स्वयंपाकघरात आला. लव्हॉनने त्याला जळक्या तुकड्याचा एक काप वाढला. त्याने चावून बघितला, दोघींकडे बघितलं.

"वेगळं आहे," तो म्हणाला, आणि अजून एक घेतला.

त्यानंतरची सगळी ऑक्टोबरं दोघी ओव्हनसमोर शेजारी शेजारी उभ्या असायच्या. भांडण तेच होतं, फक्त विषय बदलला. "हे बदाम नाहीत, अक्रोड आहेत." "अक्रोड कडवट असतात, तू कधी नीट खाल्लेस तरी का?" वेगवेगळ्या वासांना त्यांनी गावातल्या जागांची नावं ठेवली होती, आणि त्यातली काही माणसांचीही होती, जी बाहेर सांगण्यासारखी नव्हती.

पुढे आत्याला जिना उतरवेना, मग घराबाहेर पडवेना. तेव्हापासून लव्हॉन रोज सकाळी तिच्याकडे यायला लागली. निमित्त कॉफीचं. कॉफी ठेवून ती खिडकीपाशी जायची, रोझमेरीचं पान चुरडायची आणि वास काय येतोय ते खुर्चीतल्या आत्याला सांगायची. आत्या डोळे मिटून ऐकायची आणि बहुतेक वेळा दुरुस्त करायची.

मार्चमधल्या एका सकाळी मीही तिथे होते. बाहेर बर्फ वितळत होतं. लव्हॉनने बोटं नाकाशी धरली आणि बराच वेळ शब्द शोधत राहिली. "आज जरा पाइनच्या चिकासारखा. आणि खाली काहीतरी गोडसर... काय गं ते... आपल्या शाळेच्या लाकडी बाकांना यायचा तसा..."

आत्याने डोळे न उघडता स्वयंपाकघराच्या दिशेने कान दिला.

"लव्हॉन, कॉफी उतू चाललीय. आधी गॅस बारीक कर."