मामांची अमेरिका

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची आमच्या मामांइतकी सखोल माहिती असलेला दुसरा माणूस जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो. ती माहिती या शहरात आणखी कोणाला हवी होती का, हा प्रश्न वेगळा. हे मामा माझ्या बायकोचे. तरुणपणी पुण्याहून इंजिनिअर होऊन इकडे आले, गिअरबॉक्सच्या कारखान्यात उभी हयात घालवली, यथाकाल निवृत्त झाले, आणि या सगळ्या काळात मनाने मात्र अटलांटिकच्या पलीकडे राहिले. शरीराने ते तिकडे एकदाही गेलेले नाहीत.

मामा इतिहास सांगतात तो भाऊबंदकीतला तंटा सांगावा तसा. इंग्लंडचा राजा त्यांच्या बोलण्यात ‘आपला तो थोरला’ असतो आणि तेरा वसाहती म्हणजे वेगळं निघायला बसलेले धाकटे. बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्या तो प्रसंग ते उभं राहून सांगतात. पण पेट्या पाण्यात पडायला लागल्या की त्यांचा आवाज घरात कोणी गेल्यासारखा खाली येतो. “कर द्यायचा नव्हता, मान्य,” ते म्हणतात. “पण आधी प्यायचा, मग भांडायचं.” महाराष्ट्रातून इथल्या तांत्रिक विद्यापीठात आलेली पोरं सुरुवातीला त्यांच्याकडे खोली शोधायला मदत मागायला येत. परत जाताना त्यांना अर्धी गोठलेली नदी ओलांडणाऱ्या अनवाणी सैन्याचे हाल तोंडपाठ झालेले असत आणि खोली मिळालेली नसे. त्यांतली बरीचशी पुन्हा येत, ती मामींच्या साबुदाण्याच्या खिचडीसाठी. मामांचा समज मात्र वेगळा होता, आणि तो कोणी मोडला नाही.

युद्ध संपलं की मामा जंगलाकडे वळतात. अस्वलाशी कुस्ती खेळणारा शिकारी, एका रेघेत नदी नांगरून काढणारा धिप्पाड लाकूडतोड्या, या मंडळींना ते व्यक्तिशः ओळखतात. त्यांचा शिकारी अस्वलाला “ये की रे, लाजतोस काय?” असं अस्सल सातारी आव्हान देतो. माझी मुलगी इथेच जन्मलेली; मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. तिने एकदा गंभीरपणे विचारलं, “आजोबा, श्टिम्ट दास?” हे खरं आहे का? मामा म्हणाले, “गेनाऊ. अगदी खरं. अस्वलाला विचार.”

या वेडापायीच मामा एका क्लबाचे सभासद झाले. या देशात सुशिक्षित, पोटापाण्याने सुखी अशी पुष्कळ माणसं शनिवारी-रविवारी गावाबाहेरच्या कुरणात तंबू ठोकून दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेच्या सरहद्दीवर राहायला जातात. कोणी विमा विकतो, कोणी दात काढतो. पण शनिवारी तो हाताने शिवलेलं कातडं नेसतो आणि शेकोटीशी बसून त्याच्या पूर्वजांनी कधी न पाहिलेल्या माळरानासाठी उसासे टाकतो. पहिल्या दिवशी मामांचा रंग बघून त्यांनी मामांना सन्मानाने रेड इंडियन टोळीच्या प्रमुखाचं पद देऊ केलं. मामांनी ते तितक्याच सन्मानाने नाकारलं आणि कातड्यांचा व्यापारी होणं पसंत केलं. क्लबाचा नियम असा की तंबूत त्या काळी नव्हती अशी एकही वस्तू दिसता कामा नये. तपासणीत मामांचा स्टीलचा डबा पकडला गेला. मामांनी वाद घातला, हरले, आणि त्यानंतर पोहे कापडाच्या पुरचुंडीत नेऊ लागले. मामी तिकडे एकदाच गेल्या. सगळं कुरण बघून त्यांनी विचारलं, “घरदार असताना ही माणसं चिखलात का झोपतात?” क्लबाच्या अध्यक्षांना मी त्याचं भाषांतर करून सांगितलं. त्यांनी विचार करून नंतर कळवतो म्हणून सांगितलं.

मग मामा अमेरिकेला का गेले नाहीत? त्यांची मुलगी लग्न होऊन त्याच बॉस्टनजवळ राहते, दर वर्षी बोलावते. मामांकडे कारणांची कमतरता कधी नव्हती. तरुणपणी मुंबईत त्यांना व्हिसा नाकारला होता, म्हणून मानाने बोलावल्याशिवाय जाणार नाही. मग म्हणे सरकार चुकीचं आलं. सरकार बदललं, तेव्हा ते लोक कॉफी कागदी पेल्यातून पितात, हे आड आलं. मी बरीच वर्षं याला पुणेरी ताठा समजत होतो. खरं कारण मला मामींनीच एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं. मामींच्या पायात रक्ताची गाठ झाली होती आणि लांबचा विमानप्रवास डॉक्टरांनी कायमचा बंद केला होता. “ते स्वतःहून कधी म्हणणार नाहीत,” मामी म्हणाल्या, “पण मला सोडून जायचं नाही म्हणून हे सगळे राजकारणाचे बहाणे.”

म्हणून मामांच्या पंचाहत्तरीला कट शिजला. मुलीने तिकडून एकट्या मामांचं दोन आठवड्यांचं तिकीट काढलं. तेवढे दिवस माझी बायको मामींकडे राहणार होती. मामींनी स्वतः बॅग भरली, मेतकूट आणि भाजणी वर ठेवली. मामा काहीच बोलले नाहीत, हीच मोठी संमती आम्ही धरली. रात्री-बेरात्री नकाशे उघडून बसत, असं मामी सांगायच्या. एकदा मला फोन करून विचारलं, मुलीच्या घरापासून ते बंदर चालत जाण्याजोगं आहे का. मी म्हटलं, मामा, गाडीने तासभर लागेल. “चालेल,” ते म्हणाले, “बघून तर यायचं.” त्या आवाजात पंचाहत्तर वर्षांचं काहीच नव्हतं.

जाण्याच्या दोन दिवस आधी ते मला जुन्या शहरातल्या सिंहाच्या पुतळ्यापाशी घेऊन गेले. त्या युद्धात इथल्या ड्यूकने आपले शिपाई इंग्लंडच्या राजाला चक्क भाड्याने दिले होते. शेतकऱ्यांची, सुतारांची पोरं, ज्या भांडणाशी काडीचा संबंध नाही त्यात मरायला निघाली. मामांच्या मते ती याच चौकातून गेली. हरली, कैद झाली. सुटल्यावर त्यांतल्या कित्येकांनी तिथेच जमिनी कसल्या, तिथेच लग्नं केली. मामा म्हणाले, “हे मी हिला सांगितलं होतं, पूर्वी. म्हटलं, बघ, त्यांना केवढी जमीन मिळाली. तर ही म्हणते, इथे वाट बघणारीला काय मिळालं?” मग ते ट्राम पकडायला निघाले.

शनिवारी सकाळी मी आणि बायको गाडी घेऊन गेलो. मामा नवा कोट घालून बुटांची नाडी बांधत होते. बॅग दाराशी होती. मामी भिंतीला धरून उभ्या होत्या, कारण पाय दुखत होता आणि तो दुखत नाही असं त्या सकाळपासून सांगत होत्या. “अहो, पासपोर्ट घेतलात ना?” त्यांनी विचारलं. “पोचलात की फोन करा. माझी काळजी करू नका, जाऊन या.”

मामांनी अर्धी बांधलेली नाडी हातात धरली आणि मामींकडे बघितलं.

“या गावातून तिकडे गेलेली माणसं परत येत नाहीत,” ते म्हणाले, “असा इतिहास आहे.”

वास्तविक त्या शिपायांतले जवळजवळ निम्मे परत आले होते. मामांनीच मला ते ट्राममध्ये सांगितलं होतं. मी दाराशी ठेवलेली बॅग उचलून आत ठेवली. माझ्या बायकोने मामांच्या मुलीला फोन लावला. मुलीला फारसं आश्चर्य वाटलं नाही. तिकीट तिने रद्द करता येण्याजोगंच काढलं होतं. तीही त्यांचीच मुलगी. म्हणाली, उन्हाळ्यात मीच येते. मामा वाकले आणि बूट सोडायला लागले.

“आता बूट काढूच नका,” मामी म्हणाल्या. “घरातलं दूध संपलंय, आणि उद्या रविवार. दुकानं बंद असतात.”