गेवराईचं वारं

चहा घ्या, पण हसून सांडू नका. गेवराईचं इमान उतरायचं मैदान कुणामुळं गेलं, ठाव हाय का? माझ्यामुळं.

निजामाच्या अमलातली गोष्ट. मी तहसिलीत कच्चा कारकून. कायम व्हायचं म्हणून तहसीलदारांच्या मागंमागं फिरायचो. तेवढ्यात हैदराबादहून हुकूम आला, गेवराईला आन उमापूरला इमान उतरायला मैदान करा. दोन्हीकडं जमीन दाबायला दगडी रूळ पायजे, आन उंच काठीवर एक लांब कापडी झोळी. वारं कुठून कुठं चाललंय ते वरच्याला दिसावं म्हणून.

मला कुठं गप बसवतंय? म्हणलं, "हुजूर, दोन दोन कशाला? एकच रूळ, एकच झोळी. इमान येईल तिथं गाडीनं न्यायची. खर्च निम्मा."

तहसीलदार लई खूश. "मुन्शीजी, तपासणी नीट झाली की तुम्ही कायम."

मग काय, जेवण गोड लागंना. बसलो की उठायचो, उठलो की मैदानावर जाऊन यायचो.

तपासणी गेवराईला, झोळी उमापूरला. आदल्या दिवशी गाडी धाडली. सकाळी बापू गाडीवान रिकामाच आला.

"झोळी कुठाय बे?"

"गावानं निशाण म्हणून जत्रेत देवळाम्होरं चढवली. नारळ फोडला, गुलाल लावला. पाटील म्हणले, चढलेलं निशाण जत्रा संपेस्तोवर उतरवत न्हाईत."

आता उमापूर माझी सासुरवाडी. जत्रेची तिथी मला ठाव न्हाई तर कुणाला? पण कागद रंगवायच्या नादात तिकडं ध्यानच गेलं न्हाई.

तहसीलदार म्हणले, "फेटा सोडा, बांबूला बांधा, आन कोपऱ्यात उभे ऱ्हा. हलू नका."

उभा ऱ्हायलो. पायाला मुंग्या आल्या. तेवढ्यात इमानाची घरघर आली, आन एक म्हैस मैदानात शिरली. बांबू खांद्यावर तसाच, मी म्हशीमागं उगवतीकडं पळालो. फेटा माझ्यामागं मावळतीकडं फडफडायला लागला. इमान खाली येता येता वळलं. मला वाटलं, त्यांना मी दिसंना. मावळतीकडं पळालो, तर फेटा उगवतीकडं. इमान परत वळलं.

"मुन्शीजी, थांबा की हो," समदं गाव वरडतंय. मला वाटलं, जोर देतायत. आणखी पळालो.

चार घिरट्या घालून इमान निघून गेलं.

आठ दिवसांनी हैदराबादचा कागद आला. तहसीलदारांनी मोठ्यानं वाचला. "गेवराईचं वारं घडीघडीला दिशा बदलतं. भरवसा ठेवू नये. एकट्या उमापूरचं मैदान ठेवावं, तिथली झोळी वरून झकास दिसली."

ते माझ्याकडं बघत ऱ्हायले. मी खिडकीकडं गेलो, तिथून दाराकडं, परत खिडकीकडं.

"मुन्शीजी, बसा. एक नक्कल करायची हाय."

मला कायम करायच्या अर्जीवरचा शेरा होता तो. तहसीलदारांनी हैदराबादच्या कागदातली पहिली दोन वाक्यं जशीच्या तशी घेतली होती. फक्त 'गेवराईचं वारं' खोडून तिथं माझं नाव घातलं होतं.

वळणदार अक्षरात, एका जागी बसून लिवलं मी ते. हुजूर म्हणले, "पायलंत? बसता येतं तुम्हाला."